वाचकांचे प्रश्न : गावातून जाणाऱ्या गाड्यांचा वेग कोणी मोजायचा?

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं एकाच विषयाची आहेत. ठाणे जिल्ह्यातली खेडी, नवी मुंबईतली गावठाणं आणि त्यांच्या मधून जाणारे भरधाव रस्ते. म्हणून हा अंक त्यांनाच दिला आहे. मी सार्वजनिक बांधकामाच्या नोकरीत बरीच वर्षं जिल्ह्यातल्या रस्त्यांवर काढली. निवृत्तीनंतर मुरबाड आणि शहापूरकडच्या काही गावांत वेग मोजणाऱ्या मुलांबरोबर बसते. उत्तरं त्या अनुभवातून दिली आहेत.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी नौपाड्यात राहते. लेक इंग्लंडमध्ये एका खेड्यात असते, तिच्याकडे जाऊन आले. तिथे गावाच्या तोंडाशी तीन वयस्कर माणसं पिवळी जाकिटं घालून उभी असायची. एकाच्या हातात यंत्र, दुसऱ्या बाई गाडीचा नंबर मोठ्याने वाचायच्या आणि तिसरे लिहून घ्यायचे. हे पोलीस नाहीत, गावचेच लोक आहेत, असं लेक म्हणाली. आमचं मूळ गाव मुरबाड तालुक्यात, हमरस्त्याला लागून आहे. तिथे असं काही करता येईल का? कायदा आड येतो का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : तुम्ही पाहिलंत त्याला तिकडे ‘कम्युनिटी स्पीडवॉच’ म्हणतात. गावकरी स्वयंसेवक म्हणून नाव देतात. यंत्र कसं धरायचं ते पोलीस शिकवतात आणि उभं राहायची जागाही पोलीसच पाहून मंजूर करतात. लपायचं नाही, उलट दुरून दिसेल अशा बेताने उभं राहायचं. ब्रिटनमध्ये वस्तीतल्या रस्त्यावर साधारणपणे ताशी ३० मैलांची मर्यादा असते, म्हणजे आपले ४८ किलोमीटर. वेल्समध्ये सप्टेंबर २०२३ पासून वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर ती २० मैलांवर, म्हणजे ३२ किलोमीटरवर आणली. मर्यादा उघडपणे ओलांडणाऱ्या गाडीचा नंबर, कंपनी, रंग, वेळ आणि वेग लिहून यादी पोलिसांकडे जाते. नंबर आणि वर्णन जुळतं का ते पाहून पोलीस मालकाला पत्र पाठवतात. त्यात दंड नसतो, समज असते. तीच गाडी पुन्हा पुन्हा यादीत आली तर पोलीस स्वतः लक्ष घालतात.

आता आपल्याकडचं. रस्त्याच्या कडेला सुरक्षित अंतरावर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची वेळ टिपायला कायदा आड येत नाही. आड येतो तो गाडी अडवण्याच्या बाबतीत. हात करून थांबवणं, लायसन्स मागणं, दंडाची भाषा करणं यातलं काहीही आपण करायचं नाही. वेगाबद्दल मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ खाली कारवाई होते. २०१९च्या दुरुस्तीनंतर हलक्या वाहनाला १,००० ते २,००० रुपये आणि मध्यम-जड वाहनाला २,००० ते ४,००० रुपये दंड सांगितला आहे. ती कारवाई पोलीस किंवा परिवहन अधिकाऱ्यानेच करायची. कॅमेऱ्याने चलन करायचं तर तो कॅमेरा प्रमाणित हवा आणि त्या प्रमाणपत्राचं दरवर्षी नूतनीकरण व्हायला हवं, असं केंद्रीय मोटार वाहन नियम १६७अ सांगतो. तेव्हा तुमच्या गावातल्या मुलांनी टिपलेल्या आकड्यावर एकाही चालकाला दंड होणार नाही.

मला विचाराल तर दंडाच्या मागे लागूही नका. त्या तीन माणसांमुळे दोन गोष्टी घडतात. जाकिटं दिसली की चालकाचा पाय आपोआप ब्रेककडे जातो. ही पहिली गोष्ट माणसं घरी गेली की संपते. दुसरी गोष्ट मात्र टिकते : त्या गावातून कोणत्या वेळी, किती गाड्या, कोणत्या वेगाने जातात याची लेखी नोंद तयार होते. आपल्या गावांकडे रस्त्याबद्दल राग भरपूर आहे, नोंद कुठेच नाही. मूळ गावी जाल तेव्हा हे काम सुरू करून द्या. कसं करायचं ते पुढच्या पत्राच्या उत्तरात सविस्तर लिहिलं आहे.

प्रश्न : ताई, आमचं गाव कल्याण–मुरबाड रस्त्यावर, गोवेलीच्या पुढे आहे. पावसाळ्यात शनिवार-रविवारी माळशेजला जाणाऱ्या गाड्या गावातून सुसाट सुटतात. शाळा रस्त्याच्या एका बाजूला आणि वस्ती दुसऱ्या बाजूला. मंडळाची मुलं उभी राहायला तयार आहेत, पण स्पीडगनला पैसे नाहीत. मोजायचं कसं?
— मंडळाचा एक कार्यकर्ता

उत्तर : स्पीडगनवाचून काही अडत नाही. मोजपट्टी, मोबाइलमधलं स्टॉपवॉच, एक वही आणि पेन्सिल पुरे. पेन्सिलच घ्या, पावसात शाई पसरते.

आधी पोलीस ठाण्यात एक साधा अर्ज द्या : अमुक ठिकाणी, अमुक वेळेत आम्ही वाहनांच्या वेगाची नोंद करणार आहोत, वाहतुकीला अडथळा आणणार नाही. पोच घ्या. परवानगीसाठी थांबायला लागू नये म्हणून अर्जात ‘माहितीसाठी’ असं लिहा. पण कळवा नक्की. एखादा चालक तक्रार घेऊन गेला तर ठाणेदाराला तुम्ही कोण हे आधीच ठाऊक असलेलं बरं.

जागा वस्तीच्या आतली, सरळ आणि रुंद साइडपट्टीची निवडा. वळण, चढ किंवा पुलाचं तोंड नको. रस्ता शांत असताना कडेने १०० मीटर मोजा आणि दोन्ही टोकांना आधीपासून असलेली खूण धरा : विजेचा खांब, झाड, कुंपणाचा कोपरा. डांबरावर स्वतः काही रंगवू नका. पहिल्या खुणेशी एक जण हात वर करून उभा राहील. गाडीचं पुढचं चाक खुणेला आलं की हात खाली. हातात लाल किंवा हिरवं फडकं नको, चालकाला तो इशारा वाटतो. दुसऱ्या खुणेशी घड्याळवाला. हात खाली आला की घड्याळ सुरू, पुढचं चाक त्याच्या खुणेला आलं की बंद. ३६० ला त्या सेकंदांनी भागा, ताशी किलोमीटर मिळतात. १२ सेकंद म्हणजे ३०, ९ म्हणजे ४०, साडेसातला थोडं कमी म्हणजे ७.२ सेकंद तर ५० आणि ६ सेकंद म्हणजे ६०. हा तक्ता वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवून ठेवा, जागेवर भागाकार करत बसू नका.

काही गट ५० मीटरवर मोजतात. मी तसं करू देत नाही. ताशी ६० ची गाडी ५० मीटर ३ सेकंदांत कापते. अंगठा पंचमांश सेकंद मागेपुढे झाला की तीच गाडी वहीत ५६ किंवा ६४ अशी उतरते. १०० मीटरवर तेवढ्याच चुकीने ५८ किंवा ६२ येतात. कार्यकारी अभियंत्यासमोर वही ठेवाल तेव्हा तो पहिला प्रश्न हाच विचारणार, आणि तुमच्याकडे उत्तर असायला हवं.

कोणती गाडी मोजायची हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि बहुतेक गट इथेच घसरतात. वेगात येताना दिसली की घड्याळ सुरू, असं केलंत तर वहीत फक्त वेगवान गाड्या भरतील आणि ती वही खोटी ठरेल. नियम आधी ठरवा : दर पाचवी गाडी, मग ती बैलगाडीच्या मागे अडकलेली असो की हवेशी बोलणारी. पुढच्या गाडीमुळे हळू चाललेली असेल तर तसं शेजारी लिहा. त्या गाडीने स्वतः वेग निवडलेला नसतो, म्हणून हिशेबात ती वेगळी ठेवतात. दोन्ही दिशा वेगळ्या लिहा. तारीख, वेळ, ऊन की पाऊस, दुचाकी-कार-टेम्पो-बस-ट्रक यातलं काय, सेकंद, आणि नंबर प्लेटची फक्त पहिली चार अक्षरं-आकडे. एमएच ०४ ठाणे, ०५ कल्याण, ४३ वाशी. एवढ्यावरून गाडी कुठल्या आरटीओची ते कळतं आणि कोणाच्या खाजगी गोष्टीत आपण नाक खुपसत नाही.

मुरबाड तालुक्यातल्या एका गावातली वही माझ्यापुढे आहे. गावाची खात्री होती की वेग करतात ते मुंबई-ठाण्याचे पर्यटक. शनिवारी सकाळी तसंच दिसलं. पण सोमवार ते शुक्रवार शाळा भरण्याच्या वेळेत सर्वांत पुढे होत्या कामगारांना एमआयडीसीत पोचवणाऱ्या बस, दुधाचे टेम्पो आणि एमएच ०५ च्या मोटरसायकली, म्हणजे बऱ्याचशा आसपासच्या गावांतल्याच. एसटी जवळजवळ नेहमी सावकाश. ही पानं मंडळाच्या बैठकीत वाचली गेली तेव्हा मागे बसलेली काही पोरं गप्प झाली. बस कोणत्या कारखान्याच्या आहेत ते सगळ्यांना ठाऊक होतं. सरपंच आणि दोन पालक वही घेऊन त्या व्यवस्थापकांना भेटले. वाहतुकीच्या ठेकेदाराला फेरीची वेळ थोडी अलीकडे घ्यायला सांगितलं गेलं आणि शाळेच्या वेळेतल्या बसचा वेग पुढच्या पानांवर उतरलेला दिसतो. त्यासाठी एकही चलन फाडावं लागलं नाही. पाहुण्यांच्या नावाने बोटं मोडत बसलं असतं तर शाळेच्या वेळेकडे कोणाचं लक्षच गेलं नसतं.

पुढे अडथळा नसलेल्या शंभर गाड्यांची नोंद झाली की कमी वेगापासून क्रमाने लावा आणि पंच्याऐंशीव्या गाडीचा वेग पाहा. शंभरातल्या पंच्याऐंशी गाड्या त्या वेगाने किंवा त्याहून हळू जातात. रस्ते-अभियंते हाच आकडा मागतात. सरासरीच्या शेजारी तोही लिहा. हे गणित आठवी-नववीच्या मुलांकडून शाळेत करून घ्या. त्यांना ते आवडतं, आणि रात्री जेवताना घरच्या मोटरसायकलवाल्याला ती मुलं सुनावतातही.

रस्त्यावर मात्र अठराच्या आतलं कोणी नको. अंधार पडला की काम बंद. डांबराच्या कडेपासून मागे, शक्य तर खांबाच्या किंवा झाडाच्या आड, तोंड येणाऱ्या गाडीकडे. कठड्यावर बसून, कानात इयरफोन घालून हे काम करायचं नाही. एक तास झाला की माणसं बदला, थकलेला अंगठा चुकतो. चालक थांबून भांडायला लागला तर वही मिटून गावात या. वाद घालून कोणाचा वेग कमी झालेला मी पाहिलेला नाही.

प्रश्न : मी करावे गावात राहते, कॉलेजला आहे. पामबीच रस्ता आमच्या गावाच्या आणि खाडीच्या मधून जातो. माझा भाऊ म्हणतो, रस्ता मोकळा असेल तर ५० काय आणि ७० काय, ब्रेक चांगले हवेत. त्याला काय सांगू?
— एक विद्यार्थिनी, नवी मुंबई

उत्तर : त्याला कागदावर गणित करायला बसव. कोरडा रस्ता, चांगले टायर, सावध चालक आणि पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद, इतकं सगळं त्याच्या बाजूने धर. ताशी ५० ची गाडी त्या सेकंदात १४ मीटर जाते आणि ब्रेक लागल्यावर आणखी १४ मीटरांत थांबते. एकूण २८. आता त्याच अंतरावर जाळं खांद्यावर टाकून खाडीकडे निघालेला कोणी रस्ता ओलांडतोय असं समज. ५० ची गाडी त्याच्या पुढ्यात थांबली. ६० ची गाडी तिथे पोचते तेव्हा तिचा वेग अजून ४० च्या आसपास असतो. ७० ची असेल तर तो ५८ च्या आसपास असतो. भाऊ म्हणतो ते फक्त २० किलोमीटर त्या माणसाच्या अंगावर ५८ होऊन येतात. गाडीची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून असं होतं. ओल्या रस्त्यावर हे सगळे आकडे आणखी वाईट.

आणि मिळतं काय? एक किलोमीटर वस्ती ७० ने ५१ सेकंदांत पार होते, ५० ने ७२ सेकंदांत. एकवीस सेकंद.

प्रश्न : शहापूर तालुक्यातल्या आमच्या गावाजवळ वर्षाला एक-दोन अपघात होतात. अर्ज केला तर उत्तर येतं, ‘सदर ठिकाण ब्लॅक स्पॉटच्या यादीत नाही.’ यादीत यायला काय करावं लागतं?
— एक शिक्षक

उत्तर : तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. उत्तर सरळ आहे आणि ते लिहिताना हात जड होतो. राष्ट्रीय महामार्गाच्या सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा तीन वर्षांत दहा माणसं गेली, तर त्या जागेला केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या व्याख्येप्रमाणे ब्लॅक स्पॉट म्हणतात. म्हणजे यादीत येण्यासाठी माणसं मरावी किंवा गंभीर जखमी व्हावी लागतात. ही व्याख्या चुकीच्या हेतूने केलेली नाही. पैसा मर्यादित असतो, तेव्हा सर्वांत घातक जागा आधी निवडायला काहीतरी निकष लागतोच. पण तुमच्या गावाने त्या निकषाची वाट पाहत बसावं असं कुठेही लिहिलेलं नाही.

वेगाची वही इथे उपयोगी पडते. अपघात झाल्यावर मिळणारी माहिती उशिराची, आणि बरेचदा मोघमही असते. आपल्याकडच्या फिर्यादीत ‘भरधाव वेगाने, हयगयीने व अविचाराने’ हे शब्द इतके ठरलेले आहेत की गाडी खरंच किती वेगाने होती ते त्यावरून कळत नाही. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यातले ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या खात्यात नोंदले गेले. वेग हे मोठं कारण आहे यात मला शंका नाही. पण त्या टक्केवारीने तुमच्या गावासमोरचा पट्टा सुधारणार नाही. तिथला वेग मोजलेला हवा. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सरासरी वेग एक टक्क्याने वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो. म्हणजे पंचावन्नचे बावन्न झाले तरी ती किरकोळ गोष्ट नव्हे.

वहीत आणखी एक पान ठेवा : थोडक्यात चुकलेले प्रसंग. बस थांब्यासमोर करकचून ब्रेक लागला, म्हैस वाचली, सायकलवरची मुलगी साइडपट्टीवरून खाली गेली. तारीख, वेळ आणि जागा लिहा, अतिशयोक्ती नको. मग दोन्ही गोष्टी जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे पाठवा. जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष असतात आणि पोलीस, आरटीओ, बांधकाम ही सगळी खाती तिथे एका टेबलाशी बसतात. अर्जात ‘आमची जागा ब्लॅक स्पॉट जाहीर करा’ असं मागू नका, ती मागणी निकषावर अडते. ‘या जागी पंच्याऐंशी टक्के वाहनांचा वेग इतका किंवा त्याहून कमी आहे, शाळेच्या वेळेत इतकी मुलं रस्ता ओलांडतात, तरी संयुक्त पाहणी करावी’ असं लिहा. पाहणीची तारीख मिळाली की वही लिहिणाऱ्या मुलांपैकी एकाला तिथे हजर ठेवा. आकडे ज्याने टिपले त्यानेच सांगितले की समोरचा ऐकतो.

प्रश्न : भिवंडी तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीचा मी सरपंच आहे. गोदामांकडे जाणारे कंटेनर गावातून जातात. लोक म्हणतात, अर्ज-बिर्ज नको, रात्रीत चार ठिकाणी गतिरोधक टाकून द्या. टाकावेत का? वेगमर्यादेचे बोर्ड ग्रामपंचायत लावू शकते का?

उत्तर : सरपंचसाहेब, लोकांचा संताप मला समजतो, पण रात्रीत टाकलेला गतिरोधक टाळा. तो रंगवलेला नसतो, आधी बोर्ड नसतो आणि उंची कामगाराच्या अंदाजाने ठरते. पहिल्याच पावसात त्याच्यावर पडतो तो गावातलाच मोटरसायकलवाला, किंवा मागे बसलेली त्याची आई. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ या मार्गदर्शिकेत गोलाकार गतिरोधकाचं माप दिलेलं आहे : रुंदी ३.७ मीटर, मध्यावर उंची १० सेंटिमीटर. त्यावरून गाडी ताशी २५ च्या आसपास निघते, हाड खिळखिळं न करता. आपल्याकडे दिसतात ते हातभर रुंद आणि वीतभर उंच. त्यांच्यापाशी कंटेनर जवळजवळ थांबतो आणि पुढे इंजिनाचा जोर लावून सुटतो. आवाज, धूर, घरांना हादरे, आणि दोन गतिरोधकांच्या मधला वेग जसाच्या तसा.

आधी रस्ता कोणाचा ते पाहा. मैलाच्या दगडाची टोपी पिवळी असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवी असेल तर राज्य मार्ग, नारिंगी असेल तर ग्रामीण रस्ता. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग सहसा जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे असतात. प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकामकडे. तुमच्या पट्ट्यात एमएमआरडीएचे, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे, रस्तेही आहेत. चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज टपालातच महिने घालवतो, म्हणून एक चक्कर मारून मालकी लेखी विचारून घ्या.

बोर्डाचं असं आहे. केंद्राच्या २०१८च्या अधिसूचनेप्रमाणे ‘इतर रस्ते’ या वर्गात कारला ताशी ७० आणि मालवाहू गाडीला ६० पर्यंत मुभा आहे. तुमच्या गावातला रस्ता कितीही अरुंद असला आणि कमी मर्यादा अधिसूचित झालेली नसली, तर ७० ने जाणारा कारवाला कायद्याच्या आतच आहे. हे ऐकून गावोगावी लोक चमकतात. ग्रामपंचायतीने लावलेला ‘वेगमर्यादा ३०’ चा फलक सूचना म्हणून चांगला, पण त्याच्या आधारे चलन टिकत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ११२ (२) यासाठीच आहे : सार्वजनिक सुरक्षेसाठी राज्य शासन किंवा त्याने अधिकार दिलेला अधिकारी अधिसूचना काढून कमी मर्यादा ठरवू शकतो आणि तसे फलक लावावे लागतात. तुमची मागणी ती असली पाहिजे.

ग्रामसभेत ठराव घ्या. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सभा आहेतच, विशेष सभाही बोलावता येते. ठरावाला वेगाच्या नोंदीची प्रत जोडा. आणि मागणी मोजकी ठेवा. गावाच्या दोन्ही तोंडांना रस्ता अरुंद झाल्यासारखा दिसेल अशी कमान किंवा खांब आणि पांढरे पट्टे, शाळेसमोर मापातला एक सपाट उंचवटा आणि त्यावरच झेब्रा क्रॉसिंग, रात्री तिथे दिवा. चालक फलकापेक्षा रस्त्याच्या रुंदीला जास्त ऐकतो, हे मी आयुष्यभर पाहिलं आहे. गावात शिरतानाही रस्ता तसाच रुंद, सरळ आणि गुळगुळीत राहिला की कंटेनरचा वेगही तसाच राहतो.

काम झालं की पुन्हा त्याच खुणांशी, त्याच वेळी मोजा. हे कोणीच करत नाही, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. एका गावाला मापातला उंचवटा मिळाला, आधी-नंतरची पानं शेजारी ठेवली आणि शेजारच्या गावाने त्याच दोन पानांच्या जोरावर आपला प्रस्ताव पुढे नेला. बदललेल्या आकड्याला नाही म्हणणं अधिकाऱ्यालाही अवघड जातं.

प्रश्न : घणसोली गावठाणात आम्ही काही निवृत्त मंडळी रोज सकाळी रस्त्यावर उभी राहतो. वेगाने जाणाऱ्या गाड्यांचे फोटो काढून नंबरासकट व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकावेत असं काहींचं म्हणणं आहे. योग्य आहे का?
— एक ज्येष्ठ वाचक

उत्तर : काका, टाकू नका. फोटोत गाडी दिसते, वेग दिसत नाही. नंबर वाचण्यात एका आकड्याची चूक झाली तर भलत्याच माणसाचं नाव चौकात होतं, आणि गावठाणात अशी गोष्ट वर्षानुवर्षं पुसली जात नाही. शिवाय एकदा बदनामीचं भांडण झालं की तुमच्या नोंदीवर कोणी विश्वास ठेवणार नाही.

तीच तीच गाडी रोज धोकादायक चालते असं दिसलं तर तारीख, वेळ आणि पूर्ण नंबर कागदावर लिहून नवी मुंबई वाहतूक पोलिसांच्या तुमच्या शाखेत द्या आणि पोच ठेवा. शाळेची बस किंवा कंपनीची गाडी असेल तर आधी शाळेला, कंपनीला पत्र द्या. चालवणारा अठराच्या आतला आहे असं कळलं तर उशीर न करता त्याच्या आईवडिलांशी बोला. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ प्रमाणे अशा प्रकरणात पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, आणि गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. बऱ्याच पालकांना हे माहीतच नसतं.

रोज सकाळी उभे राहताच आहात, तर १०० मीटर मोजून घ्या. चमकणारी जाकिटं मात्र आधी घ्या, हिवाळ्यात सहा-साडेसहाला त्या बाजूला पुरेसा उजेड नसतो.